‘सगळे विकलेत, खरं फक्त ग्रुपवर कळतं’ : एका फॉरवर्डचा मुद्देसूद समाचार

निवडणूक लागली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, सूर तोच. मीडिया सगळा विकला गेलाय. निवडणूक आयोगाची वेबसाइट नुसती नावाला आहे. उमेदवारांची शपथपत्रं म्हणजे थापा. हवा कुणाची ते एक्झिट पोलवरून कळतं. आणि खरंखुरं जाणून घ्यायचं असेल तर यूट्यूबवरचे ग्राउंड रिपोर्ट पाहा आणि आपल्या ग्रुपवर लक्ष ठेवा. शेवटी ‘पुढे पाठवा’ आणि तिरंगा.

यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्यातून जो सल्ला निघतो तो साफ चुकीचा आहे. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

‘खरं फक्त ग्रुपवर कळतं’

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला आणि पाठोपाठ धुळे ग्रामीण मतदारसंघातल्या अवधान गावाची बातमी ग्रुपाग्रुपांत पोचली. काँग्रेसचे कुणाल पाटील यांना या गावात म्हणे शून्य मतं. एकही नाही. संतापाचे इमोजी, ईव्हीएमचे फोटो, व्हिडिओ, सगळं आलं. आला नाही तो फक्त कागद. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने खुलासा केला तेव्हा गावातल्या चार मतदान केंद्रांवर पाटील यांना मिळालेली मतं अशी होती : २२७, २३४, २५२ आणि ३४४. बेरीज १०५७.

असा आकडा खुलाशाची वाट न पाहताही मिळतो. प्रत्येक मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ नावाचा तक्ता असतो. एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, शेवटी नोटा. निकालानंतर काही काळाने तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर चढतो. बहुतेक वेळा स्कॅन केलेला, कधी आडवा, कधी पुसट, त्यामुळे मान वाकडी करून वाचावा लागतो. आपल्या केंद्राचा क्रमांक मतदार यादीवर असतोच, तेवढा हाताशी ठेवायचा. शिवाय मतदान संपलं की प्रत्येक उमेदवाराच्या पोलिंग एजंटला ‘फॉर्म १७सी’ची प्रत मिळते, त्यात त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. म्हणजे गावातल्या कार्यकर्त्याच्या खिशातही एक कागद असतो. ग्रुपवर चार पानी भाषण टाकणाऱ्याला तो कधीच सापडत नाही, हे विशेष.

कुणी म्हणेल, आमचा आयोगाच्या आकड्यावरच विश्वास नाही. ठीक आहे, तो वाद घालण्याचा हक्क आहेच. माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीने तो घातला. तिथे जिंकले राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तम जानकर, पण गावात भाजपचे राम सातपुते पुढे निघाले : १००३ विरुद्ध ८४३. हे पटत नाही म्हणून गावकऱ्यांनी डिसेंबरमध्ये स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिलं नाही. कुणाची बाजू बरोबर ते बाजूला ठेवा. पण मारकडवाडीचं भांडण आकड्याशी होतं. अवधानच्या फॉरवर्डमध्ये आकडाच नव्हता.

‘मीडिया सगळा विकला गेलाय’

पैसे घेऊन बातम्या छापल्या जातात, हे नाकारायचं कारण नाही. महाराष्ट्राने तर त्यात देशाला धडा घालून दिला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचा जवळपास शब्दशः सारखा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला होता. प्रकरण आयोगापर्यंत गेलं. चव्हाण यांनी आरोप फेटाळले आणि आयोगाचा आदेश पुढे २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. पण हे बाहेर कुणी काढलं? पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘द हिंदू’ या वर्तमानपत्रात. पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले, एवढीच त्यांची युक्ती. ती आता ई-पेपरमुळे कुणालाही जमते. ‘झंझावाती दौरा’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘विजयाची केवळ औपचारिकता बाकी’ हे तिन्ही एकाच बातमीत असतील, विरोधी उमेदवाराचं नावही नसेल आणि तोच मजकूर दुसऱ्या दैनिकात दिसला, तर ती जाहिरात समजावी.

म्हणून जिल्हा आवृत्त्या टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाला मिळाला, बंडखोर कोण, नामसाधर्म्याचा अपक्ष कुणी उभा केला, माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत निवडणूक कार्यालयाबाहेर काय चाललं होतं, हे मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओत कळत नाही. ४ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसच्या मधुरिमाराजे छत्रपती यांनी ऐन वेळी माघार घेतली आणि पक्षाचा पंजाच त्या मतदारसंघातून गायब झाला. ते नाट्य समजून घ्यायला कोल्हापूरचीच पानं उघडावी लागतात. संपादकीय भूमिकेवर विश्वास नसेल तर नका ठेवू, वार्ताहराने टिपलेले तपशील मात्र घ्या.

‘आयोगाची वेबसाइट नुसती नावाला’

हा मुद्दा मांडणाऱ्याने ती वेबसाइट निकालाच्या दिवशीसुद्धा पूर्ण उघडलेली नसते. वरची दोन नावं पाहिली की काम झालं! खालच्या ओळींत काय असतं याचा नमुना म्हणजे २०२४ ची सातारा लोकसभा. शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे उदयनराजे भोसले यांच्याकडून ३२,७७१ मतांनी हरले. पिपाणी चिन्हावरच्या एका अपक्षाला मिळाली ३७,०६२ मतं. शिंदे यांचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, म्हणजे दोन्हींत गल्लत व्हायला वाव. आता पिपाणीला गेलेली सगळी मतं तुतारीचीच होती असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण पक्षाने पुढे पिपाणीविरुद्ध आयोगाकडे जो धोशा लावला, त्याचं कारण या एका ओळीत आहे.

दुसरं उदाहरण थोडं किचकट आहे. विधानसभेच्या निकालानंतर पडलेल्या मतांपेक्षा मोजलेली मतं ५,०४,३१३ ने जास्त असल्याची बातमी गाजली, आणि ती ग्रुपवर जन्मली नव्हती, एका इंग्रजी वृत्तपोर्टलवर आली होती. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांचं उत्तर असं : पडलेल्या मतांचा ६,४०,८८,१९५ हा आकडा फक्त ईव्हीएमचा, टपाली मतं त्यात धरलेलीच नाहीत, आणि वैध टपाली मतं होती ५,३८,२२५. तेव्हा आकडा कशाचा आहे हे तळटिपेसकट वाचावं. आयोगाचा असो, पोर्टलचा असो.

आयोगावर टीका करायची तर खऱ्या जागेवर बोट ठेवा. मतदार यादी चित्राच्या रूपातली पीडीएफ मिळते, तिच्यात संगणकाने शोध घेता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने निवडणूक नियमावलीतला नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रांवरच्या सीसीटीव्ही चित्रणासारख्या गोष्टी सर्वसामान्यांना मागता येईनाशा झाल्या. या तक्रारी रास्त आहेत. पण त्या कळण्यासाठी आधी तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही ते पाहावं लागतं.

‘शपथपत्रं म्हणजे थापा’

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त माल इथे आहे आणि सगळ्यात कमी वाचक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्जं, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावे लागतात. ज्या शपथपत्रात हे लिहायचं तो ‘नमुना २६’. अर्ज भरला की त्याची प्रत आयोगाच्या संकेतस्थळावर दिसते. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अंमलबजावणी किती होते, हा प्रश्न आहेच. शपथपत्र स्वतः लिहून दिलेलं असतं, तेव्हा ते खोटं असू शकतं, हेही मान्य.

पण ते पडताळता येतं, आणि फॉरवर्डला नेमका हाच पत्ता नाही. समजा उमेदवाराने शेतजमीन दाखवली आहे. त्या रकान्यात गाव आणि गट नंबर लिहावा लागतो, कधी घेतली, केवढ्याला घेतली, आजची अंदाजे किंमत काय, तेही. आता महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर जा, जिल्हा-तालुका-गाव निवडा, गट नंबर टाका. विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो. खातेदार कोण, क्षेत्र किती, इतर हक्कांत कुठल्या बँकेचा बोजा आहे. तो बोजा शपथपत्राच्या कर्जाच्या रकान्यात आहे का, पाहा. गुन्ह्यांच्या रकान्यात पोलीस ठाणं, गुन्हा क्रमांक आणि कलमं असतात. तोच क्रमांक न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ संकेतस्थळावर टाकला की खटल्याची पुढची तारीखसुद्धा सापडते. मग त्याच माणसाचं पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र काढा आणि दोन्ही खिडक्या शेजारी लावा. जुनी शपथपत्रं एडीआर या संस्थेच्या ‘मायनेता’ संकेतस्थळावर तक्त्यांसकट मिळतात.

आणि ‘निरंक’ हा शब्द कुठे कुठे आहे तेही बघावं. चार गाड्यांच्या ताफ्यातून फिरणाऱ्याच्या वाहनाच्या रकान्यात तो दिसला की करमणूक होते. पण लगेच स्क्रीनशॉट टाकू नका. गाडी कंपनीच्या किंवा भावाच्या नावावर असू शकते, आणि भाऊ उमेदवारावर अवलंबून नसेल तर त्याची मालमत्ता दाखवावी लागत नाही. नेत्यांची संपत्ती बरेचदा अशाच कायदेशीर फटीत बसलेली असते. याच नमुन्यात उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खातीही लिहावी लागतात. एखाद्या नेत्याच्या नावाने भडक पोस्ट आली तर ते खातं त्यात आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

‘हवा एक्झिट पोलवरून कळते’

यावर फार शाई खर्च करावी असं नाही. २०२४ च्या लोकसभेला ॲक्सिस माय इंडिया या सर्वेक्षण संस्थेने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेला याच संस्थेने महायुतीला १७८ ते २०० दिल्या. तिथे भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१, म्हणजे तिघांच्याच २३० झाल्या. एकदा फुगा, एकदा कात्री. शिवाय एक्झिट पोल येतो मतदान संपल्यावर, त्याआधी दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ ची बंदी आहे. ज्याच्या जोरावर मत ठरवायचं तो मत देऊन झाल्यावर येणार असेल, तर त्याचा मतदाराला उपयोग काय?

‘यूट्यूबचे ग्राउंड रिपोर्ट पाहा’

पाहा जरूर. काही पोरं खरोखर एसटीने फिरून चांगलं काम करतात. फक्त चहाच्या टपरीवरचे आठ जण म्हणजे मतदारसंघ नव्हे, आणि कुणाचे आठ ठेवायचे ते एडिटिंगला बसलेला ठरवतो. फेसबुकवरच्या कुठल्या पानामागे कुणाचा पैसा आहे, याचा अंदाज घ्यायला फेसबुकच्या मालक कंपनीची, मेटाची, ॲड लायब्ररी आहे. देश भारत, प्रकार राजकीय जाहिराती, मग पानाचं नाव. जाहिरातीचे पैसे कुणाच्या नावाने भरले, साधारण किती आणि ती कुठल्या राज्यात दाखवली, ते दिसतं. ‘आपला अमुक जिल्हा’ अशा भाबड्या नावाची पानं निवडणुकीच्या तोंडावर अचानक एकाच पक्षाच्या जाहिराती चालवताना दिसली तर नवल वाटून घेऊ नका. व्हिडिओच जुना किंवा जोडलेला वाटत असेल तर न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज मराठीतही पडताळणी करतात.

जाणकारांचे आकडेही तपासावेत. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचे संजय कुमार यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये रामटेक, देवळाली, नाशिक पश्चिम आणि हिंगणा इथल्या मतदारसंख्येत सहा महिन्यांत प्रचंड चढउतार झाल्याचे आकडे टाकले. दोनच दिवसांत तक्ता वाचताना ओळी चुकल्याचं सांगून त्यांनी पोस्ट काढली आणि माफी मागितली. पण त्याआधी आकडे पुढे सरकले होते.

फॉरवर्डमध्ये एका गोष्टीचा उल्लेखही नसतो, ती सांगून टाकतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांच्या निवडणुका दिल्लीचा भारत निवडणूक आयोग घेत नाही, मुंबईतला राज्य निवडणूक आयोग घेतो. वॉर्डातल्या उमेदवाराचं शपथपत्र दिल्लीच्या संकेतस्थळावर सापडलं नाही म्हणून ‘लपवलं’ अशी बोंब मारणारे दर वेळी भेटतात. राज्य आयोगाचं संकेतस्थळ वेगळं आहे, तिथे शोधा.