बोटीचं टू-टी ऑइल आणि चेनसॉचं इंजिन: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आपण एक स्टार देऊन जे लिहिलंय ते मी पूर्ण वाचलं. आपलं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून घेतलेली चेनसॉ पहिल्याच हंगामात जाम झाली, आम्ही वॉरंटी नाकारली, "बोटीसाठी मिसळलेलं पेट्रोल घातलंत" असं कारण सांगितलं, आणि हे सगळं आमचं महागडं ऑइल खपवण्यासाठी. "टू-स्ट्रोक ते टू-स्ट्रोक, त्यात बोट काय नि करवत काय," असंही आपण लिहिलंय. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यातली बरीच गिऱ्हाइकं मला हेच म्हणतात. घरात नाहीतर शेजारी आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे लावायचं इंजिन) असते, तिचा कॅन भरलेला असतो, आणि मशीनही टू-स्ट्रोकच आहे, म्हणजे पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळून चालणारं. म्हणून उत्तर सविस्तर देतो. ज्यांची मशीन अजून धड आहे त्यांच्याही उपयोगी पडेल.

आधी मशीन उघडल्यावर काय दिसलं ते. सायलेन्सर काढला की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन समोर दिसतो, त्यासाठी पूर्ण इंजिन खोलावं लागत नाही. आपल्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते. पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम घासून सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं. रिंग खाचेत अडकून बसली होती, दाबली तरी हलत नव्हती. हे आपल्या माणसाला तिथेच दाखवलं.

आता असं नुसतं तेलानेच होतं असं नाही. क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं) सील गळत असेल, कार्बोरेटरमागचं रबर चिरलं असेल, तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि पिस्टन असाच खरवडतो. तसं असतं तर तो मशीनचा दोष, आणि पार्ट कंपनीने दिला असता. म्हणूनच आम्ही आधी इंजिनमध्ये हवा भरून प्रेशर तपासलं. गळती नव्हती. रबर, नळी, दोन्ही सील शाबूत. मग टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि शेजारी आमच्या ५० ला १ मिश्रणाचा (५० भाग पेट्रोल, १ भाग तेल) एक थेंब. पेट्रोल उडून गेल्यावर आमच्या थेंबाचा तेलकट डाग स्पष्ट राहिला. आपल्या थेंबाचा डाग जेमतेम दिसत होता. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नाही, पण तेल कमी पडलंय एवढं त्यातून कळतं. घरच्या घरी कुणीही करून पाहावी.

तेल कमी का पडलं, ते आपल्याच रिव्ह्यूत आहे. काही आउटबोर्ड मोटारींना १०० ला १ मिश्रण चालतं, म्हणजे लिटरला १० मिली तेल. आपल्या चेनसॉला कंपनीच्या पुस्तकात ५० ला १ दिलंय, म्हणजे लिटरला २० मिली. बोटीच्या कॅनमधलं पेट्रोल सरळ टाकीत ओतलं की तेल निम्म्यावर आलं. मोटारसायकलच्या इंजिनाच्या तळाशी वेगळं तेल भरलेलं असतं, तिथून ते फिरत राहतं. चेनसॉत ती सोयच नाही. क्रँकचं बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, सिलिंडर, सगळ्यांना मिळणारं तेल म्हणजे पेट्रोलबरोबर जे आत गेलं तेवढंच. वरच्या भोकात आपण जे चेन ऑइल भरता ते फक्त साखळी आणि पट्टीला जातं, इंजिनाशी त्याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण "ऑइलची टाकी तर भरलेली होती" असं आपल्या माणसाने दोनदा सांगितलं.

दुसरा मुद्दा तेलाच्या जातीचा. आपण वापरलेलं तेल नामांकित कंपनीचं होतं आणि स्वस्तही नव्हतं, हे मला मान्य आहे. बोटीसाठी ते उत्तमच आहे. त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे वॉटर, पाण्याने थंड होणारं इंजिन. आउटबोर्ड मोटर समुद्राचंच पाणी खेचून सिलिंडरभोवती फिरवते, त्यामुळे इंजिन गार राहतं. फिरण्याचा वेगही साधारण मिनिटाला पाच-सहा हजार. चेनसॉला थंड करायला आहे फक्त फ्लायव्हीलचा पंखा, तोही भुशाने भरलेल्या पात्यांमधून वारा मारणारा. आणि मोकळी रेस दिली की हीच मशीन बारा-तेरा हजारांवर जाते. पाण्यात बसलेल्या इंजिनासाठी बनवलेल्या तेलाला एवढ्या उष्णतेत रिंगच्या खाची स्वच्छ ठेवता येत नाहीत. खाचेत काजळी साचते, रिंग अडकते, गॅस खाली उतरून पिस्टन आणखी तापतो. आपल्या मशीनमध्ये ही दोन्ही कारणं एकत्र आली: तेल अर्धं, आणि तेही दुसऱ्या कामाचं.

मग कोणतं घ्यायचं? डब्यावर जासो एफडी अशी खूण शोधा. ही जपानी दर्जाची खूण आहे: एफबी खालची, एफसी त्याच्यावर, आणि एफडी इंजिन स्वच्छ ठेवण्यात सगळ्यात कडक. आंतरराष्ट्रीय खूण हवी असेल तर आयएसओ ईजीडी बघा. एफसीही चालेल, पण रोज लाकूड तोडणाऱ्याने एफडीच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तेलाच्या रंगावर जाऊ नका. लाल, निळा, हिरवा हा नुसता रंग घातलेला असतो, मिश्रण झालंय की नाही ते दिसावं म्हणून. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल तर मुळीच नको. ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही.

खूण असलेलं तेल आपण कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्यायला हवं असं काही नाही. वॉरंटीसाठी आम्ही आमच्या दुकानाचं बिल मागत नाही, फक्त डबा दाखवा म्हणतो. आणि "महागडं" म्हणण्याआधी एवढा हिशेब करून बघा: पाच लिटर पेट्रोलला तेल लागतं १०० मिली. त्या पाच लिटरला पाचशेच्या वर रुपये जातात, त्यापुढे तेलाच्या दोन डब्यांमधला फरक अगदी थोडा पडतो. ब्लॉक (म्हणजे सिलिंडर) आणि पिस्टनचा खर्च मात्र आपण ऐकलाच आहे.

आपल्याला गॅरेजवाल्याने "थोडं जास्तच घाल, जास्त तेलाने बिघडत नाही" असा सल्ला दिल्याचंही आपण लिहिलंय. तेही बरोबर नाही. बजाजच्या जुन्या स्कूटरच्या काळापासून हा समज चालत आलाय. जास्त तेल पुरतं जळत नाही, एक्झॉस्टच्या भोकात आणि सायलेन्सरच्या जाळीत कोळसा धरतो, प्लग काळा पडतो, मशीन ओढत नाही. मग चालवणारा आणखी रेस देतो. पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला. काही पुस्तकांत कंपनीच्या तेलाला ५० ला १ आणि साध्या तेलाला २५ ला १ असे दोन आकडे असतात. चिनी मशीनना बहुतेक २५ ला १ लागतं. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्या मशीनला लावू नका. मोजायला मेडिकलमध्ये २० मिलीची सिरिंज मिळते. तेलाच्या बाटलीचं बूच हे माप नव्हे.

पेट्रोलबद्दलही बोलायलाच हवं, कारण इथून पुढे माझ्या बाकावर येणाऱ्या बऱ्याच मशीन त्यामुळेच बिघडतील अशी मला काळजी वाटते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक चेनसॉच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच पेट्रोलमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. म्हणून मशीन देतानाच आम्ही टॅकोमीटर लावून कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगात किती पेट्रोल जावं ते ठरवणारा) बसवून देतो. तो आपण फिरवू नये. जुन्या मशीनची रबरी नळी आणि डायफ्राम (कार्बोरेटरमधला पातळ पडदा) इथेनॉलने फुगतात, कडक होतात, ते वेळेवर बदलावे.

आणि आपल्याकडचा पावसाळा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जून-जुलैत अर्धवट भरलेला कॅन पडवीत राहिला तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. तेल त्यात उतरत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. चेनसॉच्या टाकीतला फिल्टर नेमका तळाशी लोळत असतो, म्हणजे इंजिन सगळ्यात आधी ते बिनतेलाचं पाणी-इथेनॉल ओढणार. म्हणून महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा, कॅनचं झाकण घट्ट लावा आणि प्रत्येक वेळी ओतण्याआधी कॅन हलवा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवा. मिश्रण करताना आधी अर्धं पेट्रोल, मग तेल, हलवून मग उरलेलं पेट्रोल.

२०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या वादळांनंतर कोकणात चेनसॉ घरोघरी गेल्या. रस्त्यावर, घरावर पडलेले आंबे-फणस कापायला दुसरा इलाज नव्हता. पण ज्यांनी आयुष्यात कधी टू-स्ट्रोक मिश्रण केलं नाही अशा हातात मशीन आल्या. त्यामुळे मशीन देताना मिश्रण करून दाखवल्याशिवाय आम्ही कुणालाही सोडत नाही, आणि लिटरला २० मिली असा स्टिकर टाकीच्या झाकणाशेजारी लावतो. आपल्या मशीनवरही तो आहे.

वॉरंटीचा निर्णय बदलणार नाही, कारण इंधनामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही आणि उद्या हेच मी दुसऱ्या गिऱ्हाइकालाही सांगणार आहे. पण मशीन भंगारात घालायची गरज नाही. सिलिंडरला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅसिडने काढून बघू. आतलं अस्तर शाबूत निघालं तर नुसता पिस्टन आणि रिंग बदलून भागेल, पूर्ण ब्लॉक घ्यावा लागणार नाही. पार्टचे पैसे बिलाप्रमाणे, मजुरी घेणार नाही. जुना पिस्टन आपल्याला परत देऊ. दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकला दाखवा आणि त्याचं मत विचारा.

येताना मशीन चालवणाऱ्या आपल्या माणसाला बरोबर आणा. साखळी बोथट आहे, ती पाजून देतो आणि त्यालाही शिकवतो, कारण बोथट साखळीवर जोर लावून इंजिन तापतं आणि करवत उसळून इजा होते ती त्यालाच. बोटीचा कॅनही आणलात तर त्यावर मोठ्या अक्षरात "बोट" लिहून देऊ. दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं.

आपला,
दुकान मालक