जुळ्याचं दुखणं

चामड्याचे बूट घरी बनवायचे म्हटलं की लोक विचारतात, चामडं कुठून आणणार? मुंबईकराला तो प्रश्न नाही. धारावीत हवं तसं चामडं मिळतं, आणि कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट-चपलांचेच कारखाने असल्यामुळे लास्ट (ज्यावर बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा), सोल, रापी (चामडं कापायची-तासायची सुरी), आरी (चामड्याला भोक पाडायचं टोकदार हत्यार) कुठे मिळेल ते तिथल्या गल्लीत कुणीही सांगेल. खरी अडचण वेगळीच आहे. बूट दोन लागतात.

एक बूट कुणीही बनवेल. पहिला बरा उतरतो तो नशिबानं, आणि दुसऱ्याला तेच नशीब त्याच मापाचं लागतं.

माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. घ्यावं तेही उभ्यानं. बसलेला पाय खोटं बोलतो. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून मोठा निघतो. लास्ट मोठ्याच्या मापाचा आणावा, धाकट्याला आतून पातळ पॅड द्यावं. बोटांपुढे 12 ते 15 मिलिमीटर जागा हवी, नाहीतर पहिल्याच उतारावर अंगठा तक्रार नोंदवतो.

मग लास्टला मास्किंग टेप गुंडाळायची, तिच्यावर डिझाइन काढायचं, टेप सोलून पुठ्ठ्यावर पसरायची आणि तळाशी दुमडायला 18-20 मिलिमीटर जास्त सोडायचं. दुसऱ्या पायासाठी हाच पुठ्ठा उलटा ठेवायचा. एवढंच विसरलं की दोन्ही बूट डाव्या पायाचे. त्यांचं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय.

वरचं चामडं 1.2 ते 1.4 मिलिमीटर जाड पुरे, अस्तर त्याहून पातळ. दोन्ही बुटांचे पुढचे तुकडे पाठीकडच्या भागातून, शेजारीशेजारी कापावेत, आणि चामडं कमी ताणतं ती दिशा टाचेकडून नाकाकडे, म्हणजे बुटाच्या पुढच्या टोकाकडे ठेवावी. पोटाकडचं चामडं सैल असतं. एक तुकडा पाठीचा आणि एक पोटाचा आला, की काही महिन्यांत एक बूट बूटच राहतो, दुसऱ्याची पिशवी होते. शिलाईआधी कडा रापीनं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासायच्या. रापी बोथट असेल तर ती चामडं सोडून बोट तासते.

आता खरी कुस्ती. लास्टच्या तळाला 3 मिलिमीटरचा इनसोल (आतला तळ) खिळ्यांनी टेकवायचा, टाचेत आणि नाकाशी कडक थर घालायचा, आणि पकडीनं चामडं ओढायचं: आधी नाक, मग नाकाच्या दोन्ही बाजू, मग टाच. प्रत्येक ओढीला एक खिळा, तोही अर्धाच ठोकायचा, कारण नंतर तो उपटायचा असतो. नाकाशी चामड्याला मोदकासारख्या कळ्या पडतात. मोदकाला त्या शोभतात, बुटाला नाही. उपाय एकच, दोन कळ्यांच्या मधोमध पकड लावून ओढायचं आणि तिथे नवा खिळा. कळ्या बारीक होत होत कडेच्या खाली जातात. उरलेलं रापीनं छाटायचं. तोवर मनगटानं राजीनामा दिलेला असतो आणि शेजारी दुसरा लास्ट उघडाबोडका बसलेला असतो.

दुसऱ्या बुटाला टाचेची उंची डोळ्यांनी ठरवू नका, पहिल्यावर पट्टी धरा. मधली रेघ 2 मिलिमीटर सरकली तरी दोघं शेजारी ठेवल्यावर एक दुसऱ्याकडे बघून नाक मुरडतो.

सोलची घाई करू नये. निदान दोन दिवस लास्टवरच वाळू द्यावं, पावसाळ्यात आठवडा. ओलसर काढलं तर चामडं आपल्या मूळ स्वभावावर जातं. मग खिळे काढून तळ पॉलिश पेपरनं खरवडायचा, गुळगुळीत चामड्याला सोल्युशन (चिकटवायचा गोंद) धरत नाही. ते सोलला आणि तळाला दोन्हीकडे लावून 10-15 मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. खिडकी उघडी ठेवा. एकदा टेकवलेला सोल पुन्हा सरकत नाही, त्यामुळे आधी नाक जुळवा, मग टाचेकडे या. टाच 5 मिलिमीटरच्या थरांची. दोन्हीकडे थर सारखेच मोजा, नाहीतर चालणारा कायम वळणावर असल्यासारखा दिसतो.

शेवटी लास्ट बाहेर काढायचा. बिजागरीचा घेतला असेल तर वाकतो आणि सुटतो. बिनबिजागरीचा स्वस्तात घेतला असेल, तर तो टाचेची शिवण सोबत घेऊनच निघतो. मग लोक विचारतात, केवढ्याला पडला? चामडं, लास्ट आणि वाया गेलेला तुकडा धरला तर शोरूमच्या जोडापेक्षा महागच, आणि त्यात मजुरी धरलेली नाही.