बाटलीभर केमिकलने काळ्या ऑइलचं डिझेल होत नाही

मासेमारीबंदी लागली की गोव्यात मालीम, कुटबणच्या धक्क्यांवर ट्रॉलरांची इंजिनं उघडतात आणि जळक्या, म्हणजे वापरून काळ्या पडलेल्या इंजिन ऑइलची पिंपं भरतात. नेमका त्याच दिवसांत एक मेसेज फिरू लागतो. यंदा फोंडा-डिचोलीतल्या चौघांनी तो मला पाठवला. म्हणणं असं: जळक्या ऑइलच्या किंवा फर्नेस ऑइलच्या पिंपात बाटलीभर अ‍ॅडिटिव्ह ओता, खाली जाळ लावा, ८०-९० टक्के डिझेल निघतं. व्हॅक्यूम लागत नाही, मागे काही उरत नाही, आणि रिफायनऱ्या हे गुपित दाबून ठेवतात. नोकरीची बरीच वर्षं मी रिफायनरीच्या व्हॅक्यूम कॉलमवर, म्हणजे हवेचा दाब कमी करून तेल उकळणाऱ्या मनोऱ्यावर, काढली आहेत. या मेसेजपायी कुणीतरी भाजेल, म्हणून लिहायला बसलो.

“अ‍ॅडिटिव्हने डिझेल वाढतं.” यात थोडं खरं आहे, तेवढं आधी सांगतो. क्रूडचा तळाचा गाळ, म्हणजे फर्नेस ऑइल ज्यापासून बनतं तो भाग, एकजीव नसतो. त्यात अस्फाल्टीनच्या, म्हणजे तेलातल्या सर्वांत जड, डांबरी रेणूंच्या सूक्ष्म गाठी असतात, गाठींभोवती रेझिनचं, म्हणजे चिकट राळेसारख्या भागाचं वेष्टण, आणि त्या वेष्टणात हलक्या तेलाचा अंश अडकलेला. योग्य अ‍ॅरोमॅटिक तेल (बेंझिनसारख्या कड्यांच्या रेणूंचं) किंवा सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) शेकडा एक-दोन भाग मिसळलं, तर वेष्टण पातळ होतं आणि अडकलेलं तेल वाफेबरोबर सुटतं. सोव्हिएत काळापासून तिकडच्या तेलतज्ज्ञांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. पण मिळकत किती? शंभर लिटरमागे काही लिटर. त्यातूनही अ‍ॅडिटिव्ह स्वतः वाफ होऊन वर आलं असेल, तर तेवढं वजा करावं लागतं. आणि इंजिन ऑइलमध्ये मुळात अस्फाल्टीनच्या या गाठी जवळजवळ नसतातच. मग बाटलीतलं केमिकल सोडवणार काय?

आपल्याकडे हे समजायला काजूची भट्टी पुरे. कोळमीत, म्हणजे बोंडं तुडवायच्या जागी, काढलेल्या रसात आंबून जेवढी दारू तयार झाली, तेवढीच भाणातून, म्हणजे भट्टीवरच्या हंड्यातून, हुर्राक (पहिल्या धारेची काजूची दारू) होऊन उतरते. ऊर्ध्वपातन वेगळं काढतं, नवं निर्माण करत नाही. डिझेल साधारण १८० ते ३६० अंश सेल्सिअसमध्ये उकळतं. इंजिन ऑइलचं मूळ तेल त्याच्या वरचं, बरंचसं ३५० ते ५५० अंशांतलं. त्यात डिझेल फारसं नसतंच, असलं तर इंजिनातून झिरपलेलं.

“जास्त टाका, जास्त निघेल.” उलट होतं. ठरावीक मात्रेपुढे गाठी पुन्हा फुगतात आणि उतारा घसरतो. ती मात्राही प्रत्येक तेलाची वेगळी, कधी कधी टाकीगणिक वेगळी.

“व्हॅक्यूम लागत नाही.” या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ३६०-३७० अंशांच्या पुढे जड तेलाचे रेणू तुटायला लागतात. रिफायनरीत म्हणूनच तळाचं तेल व्हॅक्यूम कॉलममध्ये नेतात. हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, तर कॉलममध्ये तो १० ते ४० मिलिमीटरवर आणतात. मग एरवी ५०० अंशांना उकळणारं तेल साडेतीनशेच्या आसपास वाफ होतं, जळत नाही, तुटत नाही. उघड्या पिंपात हे साधत नाही. तिथे तेल फुटतं, तळाशी कोक, म्हणजे कडक कोळसा, धरतो, त्या जागी पत्रा लाल होतो.

जळक्या ऑइलमध्ये पाणीही असतं. दोन थेंब तव्यावर टाका, तडतड ऐकू येईल. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. तापलेल्या पिंपात ती एकदम झाली की सगळं तेल फेसाळून बाहेर येतं. डिझेलसारखी वाफ हवेत अडीचशे अंशांच्या आसपास ठिणगीविना पेट घेते, आणि पिंपातलं तेल त्याहून शंभर अंश गरम असतं.

“निघतं ते पंपावरचंच डिझेल.” ओळखीच्या एका गॅरेजवाल्या पोराने असा नमुना मला आणून दिला होता. पहिल्या दिवशी गवती चहासारखा पिवळसर. खिडकीत ठेवला, आठवड्याभरात कोऱ्या चहाच्या रंगावर गेला आणि बाटलीच्या बुडाला चिकट कडं धरलं. तुटलेल्या रेणूंचं तेल असंच असतं, पडून राहिलं की डिंक होतो आणि तो डिंक इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त चालत नाही. गंधक काढायचं ते काम हायड्रोजन आणि उत्प्रेरक करतात, पिंप करत नाही.

“मागे काही उरत नाही.” झिंक, कॅल्शियम, इंजिनाच्या झिजेची धातू, सगळं तळाच्या काळ्या कोळशात उरतं. ते पावसात ओढ्याला गेलं तर पुढे मांडवीत.

“गुपित दाबतात.” डिसॉल्टरला, म्हणजे क्रूडमधलं मीठ धुणाऱ्या टाकीला, पाणी वेगळं काढणारं रसायन, कॉलमच्या माथ्याला गंज रोखणारं, कोकरमध्ये, म्हणजे गाळ तापवून त्याचा कोक करणाऱ्या भागात, फेस मारणारं सिलिकॉन, ही अ‍ॅडिटिव्हं रिफायनऱ्या रोज उघडपणे वापरतात. सिलिकॉन थोडं जास्त झालं तरी पुढचा उत्प्रेरक खराब होतो, म्हणून थेंबाथेंबाचा हिशेब असतो.

वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. तिथे खऱ्या व्हॅक्यूमखाली त्याचं पुन्हा ल्युब ऑइलच होतं. तोवर पिंपाचं बूच घट्ट लावा, वर ताडपत्री टाका, आणि त्यात कूलंट, ग्रीस किंवा थिनर मिसळू देऊ नका.