वेचणीला आलेल्या लेकराचं कार्ड

मागच्या दिवाळीनंतर बैतूलकडची चार कोरकू बिऱ्हाडं आमच्या वावरात कापूस वेचायला आली. धुऱ्याजवळ पाल ठोकून राहिली. त्यातल्या एका लेकराला ताप भरला, डोळे लालभडक, नाक गळतंय. माय त्याला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेली अन् तशीच परत आली. "कार्ड इथलं नाही, तुमच्या गावाला दाखवा," म्हणे. गाव सातपुड्यात, अन् मजुरी किलोवर. कशी जाणार? चौथ्या दिवशी अंगावर पुरळ उठलं. गोवर.

पंधरवड्यात गावातली लेकरं पडायला लागली. माझ्या पुतणीची मुलगी तेव्हा सात महिन्यांची. गोवराची पहिली लस मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे आजूबाजूच्या लेकरांना लस असणं, एवढाच तिचा बचाव. शंभरातल्या 95 जणांना लस असली तरच गोवर थांबतो. त्या शंभरात पालावरचं लेकरू धरायचं की नाही? रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. तो काही आधार कार्ड बघत नाही. पुतणीच्या मुलीला न्युमोनिया झाला. आठ दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत.

गावात बोलणं सुरू झालं, बाहेरच्यांनी रोग आणला. मला याचा फार राग येतो. त्या मायनं पहिल्याच दिवशी दवाखाना गाठला होता! तेव्हाच तपासलं असतं तर लस राहून गेलेल्या लेकरांना ती देता आली असती, 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देता आला असता. रोग दारातून परत पाठवण्यानं वाढला.

पोलिओच्या वेळी हेच लोक आपण कसे शोधले ते आठवा. वीटभट्ट्या, पालं, एसटी स्टँड, जिथं लेकरू दिसेल तिथं दोन थेंब. कार्ड कुणी मागितलं नाही. 2011 नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण नाही.

"आपल्यालाच औषध पुरत नाही," हे मात्र खरं आहे. सपाट भागात 30,000 लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, अन् ती मोजणी 2011 च्या जनगणनेवर. वेचणीला, जिनिंगला आलेली माणसं त्यात नाहीतच. त्यांना मोजा, तेवढा साठा वाढवून द्या, म्हणून भांडू ना आपण. लेकराला हाकलून साठा वाढतो का? आपल्या गडचिरोली-चंद्रपूरची माणसंही तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथं त्यांना कुणी असं परत पाठवलं तर आपल्याला चालेल?

यंदा माणसं उतरली की पहिल्याच दिवशी मी आशाताईला पालावर नेणार आहे. लेकरांची नावं, वयं, कोणती लस झाली, सगळं लिहून देणार. तुमच्या वावरात कुणी उतरलं असेल तर तुम्हीही न्या.