मखर झालं, गालिचा राहिला

2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली ते चांगलंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही, पण थर्माकोलला टाचण्या टोचल्या की भागायचं आणि पुठ्ठ्याच्या मखराला गोंदच लागतो, आणि आमच्याकडे दीर आणि चिरंजीव ही जोडी कामाला लागली की घरात चिकटणारं म्हणून जे जे असेल ते हॉलमध्ये येतं. खाली पेपर अंथरले होते हो, नाही असं नाही, फक्त पेपर एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला.

विसर्जन करून आलो, टेबल हलवलं, तर आईंच्या (म्हणजे सासूबाईंच्या) लोकरी गालिच्यावर तीन डाग. एक फेव्हिकॉलचा, एक ग्लू गनचा आणि एक फेव्हिक्विकचा. व्हरायटी बघा!

लगेच सल्ले सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या उकळतं पाणी ओत, नणंदेने फोनवरून थिनर सुचवला, दीर तर कटर घेऊनच बसले. गोंद कुठला आहे हे एकानेही विचारलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे ना.

फेव्हिकॉल बिचारा साधा. डब्यावर दोन हत्ती ओढाताण करत असले तरी पाण्यापुढे तो नरमतो. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओला कपडा डागावर ठेवून दिला, उकळतं नाही, लोकर आटते. थोड्या वेळाने तो पापुद्रा परत पांढरा आणि लिबलिबीत झाला, मग चमच्याच्या कडेने बाहेरून आत असा उचलत गेले. घासायचं नाही, टिपायचं. हे मी चिरंजीवांना सांगत होते तेवढ्यात ते घासत होते.

ग्लू गनवाल्याला बर्फ. पिशवीत बर्फ घालून वर ठेवला, थेंब कडक झाला आणि कट्कन निघाला, इतका सुखाचा आवाज की दीर म्हणे वहिनी अजून एक आहे का.

खरा छळ फेव्हिक्विकचा. त्याला अ‍ॅसिटोन लागतं, म्हणून लेकीचा नेलपेंट रिमूव्हर आणला तर त्यावर ठळक अक्षरात 'अ‍ॅसिटोन फ्री', म्हणजे आपल्या कामाला शून्य. कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅसिटोनवाला आणला, आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यात लावून बघितला की रंग जातोय का (सिंथेटिक-बिंथेटिक कारपेटला तर हे बघाच, काही धागे विरघळतात, आणि मागे रबरासारखा थर असेल तर तोही सुटतो). अ‍ॅसिटोन भुर्रकन पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि आई निरांजन घेऊन येत होत्या त्यांना दारातच थांबवलं. इअरबडने टिपत टिपत, मान आखडेपर्यंत. शेवटी चार धागे काही सुटेनात, ते नेलकटरच्या छोट्या कात्रीने वरच्यावर छाटले.

आईंनी चष्मा लावून, वाकून, सगळा गालिचा तपासला. मग म्हणाल्या, "दिवाळीचा कंदील गच्चीवर करायचा."

दीर म्हणे, "चालेल, पण वर वारा फार असतो, खाली काहीतरी जड अंथरायला लागेल."