समन्स नाकारून वॉरंट टळत नाही, ओढवून घेता येतं

‘वॉरंटबद्दल वकील तुम्हाला जे सांगत नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. वर तराजूचं चित्र, खाली ‘जनहितार्थ’. एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण तो माझ्या मामांकडे पोचला आणि त्यांनी त्यातला पहिला सल्ला अमलातही आणला. चेक बाउन्सच्या केसमधलं कोर्टाचं पाकीट आलं होतं, ते पोस्टमनला परत दिलं. ‘घ्यायचंच नाही रे, म्हणजे वॉरंट निघत नाही,’ असं वर मलाच समजावून सांगितलं.

सल्ला असा: समन्स घेऊ नका, सही करू नका, समन्स बजावलं गेलं नाही तर कोर्टाला वॉरंट काढता येत नाही.

साफ खोटं. चेकच्या केसमध्ये समन्स स्पीड पोस्टाने पाठवता येतं आणि ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा असला, की ते बजावलं गेल्याचं कोर्ट जाहीर करू शकतं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 144 काढून बघा. म्हणजे पोस्टमनने पाकिटावर पेनने जो शेरा खरडला आणि खाली तारीख घातली, तोच आता मामांच्या विरोधातला कागद. कोर्टात हजर राहायची तारीख कोणती हे मामांना ठाऊक नाही, कारण पाकीट फोडलंच नाही. कोर्टाच्या लेखी मात्र त्यांना सगळं ठाऊक आहे! इतर फौजदारी केसमध्येही पळवाट नाही. माणूस सापडत नसेल तर घरातल्या सज्ञान व्यक्तीच्या हाती समन्स देतात (जुन्या कायद्यात ती व्यक्ती पुरुषच लागायची, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ती अट गेली). तेही जमलं नाही तर दाराला चिकटवतात.

गंमत अशी, की उठसूट वॉरंट काढण्यापासून सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला जे संरक्षण दिलंय, तेच हा सल्ला घालवतो. 2007 च्या इंदर मोहन गोस्वामी विरुद्ध उत्तरांचल राज्य या निकालात न्यायालयाने पायऱ्या घालून दिल्या. खासगी तक्रारीवरच्या केसमध्ये आधी तक्रारीच्या प्रतीसह समन्स. आरोपी टाळतोय असं दिसलं तर जामीनपात्र वॉरंट. आणि तो मुद्दाम चुकवतोय अशी कोर्टाची पूर्ण खात्री पटली तरच अजामीनपात्र. कारण त्या शेवटच्या वॉरंटाने थेट माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो, म्हणून न्यायाधीशाने नीट विचार करूनच त्यावर सही करायची. माणूस स्वतःहून येईल असं मानणं अवास्तव ठरतं, पोलिसांना तो सापडत नाही, किंवा लगेच ताब्यात घेतलं नाही तर तो कोणाला इजा करेल, अशा वेळचं ते हत्यार आहे. यातली पहिली अट पाकीट परत करणारा स्वतःच्या हाताने पुरी करून देतो.

मेसेजमधले पुढचे दावेही बघा. ‘एक तारीख चुकली की पकड वॉरंट, मग जामीन नाहीच.’ यातलं अर्धं, नाइलाजाने, मान्य. 2007 चा निकाल असूनही काही कोर्टांत एकदोन गैरहजेऱ्यांवर अजामीनपात्र वॉरंट निघतं. सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्येही पुन्हा बजावावं लागलं, की ती सरसकट काढू नका. पण ‘जामीन नाहीच’ ही थाप. चेक बाउन्स हा मुळात जामीनपात्र गुन्हा. तारखेला जाणं जमणार नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यायचा; वॉरंट निघालंच असेल तर त्याच कोर्टात उभं राहून ते रद्द करण्याचा अर्ज. जामीनपात्र वॉरंटावर तर रक्कम आणि जामीनदार किती ते लिहिलेलंच असतं. ते भरून दिलं की पोलिसांना सोडावंच लागतं.

‘व्हिडिओ कॉलवर वॉरंट दाखवलं की तुम्ही अटकेत.’ नाही. समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतं, अटक येत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा.

‘सहा महिन्यांनी वॉरंट आपोआप संपतं.’ नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72 म्हणतं, काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत ते जिवंत. वर्षांनुवर्षं.

आणि रद्द झालं तरी गाफील राहू नये. मुंबईतल्या एका वकिलालाच 15 ऑगस्ट 2002 रोजी, आधीच रद्द झालेल्या वॉरंटावर पोलिसांनी उचललं. ते सांगत होते, पण रद्द झाल्याचा कागद जवळ नव्हता, आणि कोर्टाला सुट्टी. उच्च न्यायालयाने इन्स्पेक्टरला 2,000 रुपये द्यायला लावले; 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटांना क्रमांक, नोंदवही, परत पाठवण्याची मुदत असे नियम घालून दिले. तरी वॉरंट रद्द झालं की आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या आणि एक स्वतःजवळ बाळगा.