सिनेमानं कादंबरीचा खून केला म्हणणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या विज्ञान कादंबऱ्या वाचाव्यात आणि त्यांच्यावरचे सिनेमेही बघावेत, दोन्ही मिळून जास्त मजा येते, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. सरांचं म्हणणं असं की सिनेमा म्हणजे कादंबरीचा खून. मी पोरांना वाचायचं सोडून बघायला शिकवतोय. त्यात नारळीकर ज्या गावात जन्मले त्या कोल्हापुरात बसून मी परदेशी सिनेमांच्या आरत्या ओवाळतोय. आणि दीडशे वर्षांपूर्वीचं चुकलेलं विज्ञान वाचून कुणाचं भलं होणार? शेवटी एक ओळ आहे: ‘नातू नववीत आहे, त्याला काय द्यावं ते सांगा, पण सिनेमा नको.’

नारळीकरांचं आधी घेतो, कारण तो टोला वर्मी लागावा म्हणूनच मारलाय. १९ जुलै १९३८ ला ते आपल्या गावात जन्मले याचा अभिमान मलाही आहे. पण केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल बघा. १९५७ साली हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी आली. सूर्यमालेत शिरलेला वायूचा प्रचंड ढग सूर्याला झाकतो आणि पुढं कळतं की तो ढगच विचार करणारा जीव आहे. हा झाला कादंबरीकार हॉईल. चार वर्षांनी, १९६१ मध्ये, याच माणसानं जॉन एलियट यांच्याबरोबर बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका लिहिली. ती आधी पडद्यावर आली आणि त्यावरची कादंबरी १९६२ ला, म्हणजे नंतर. पुढं त्या मालिकेच्या टेपा पुसल्या गेल्या, आज सातांतला एकच भाग पूर्ण शिल्लक आहे. सबंध गोष्ट हवी असेल तर आता पुस्तकाकडंच जावं लागतं. गुरूला पडद्याचं वावडं नव्हतं, तर शिष्याच्या जन्मगावानं ते का पाळावं?

आणि आपलं गाव तर सिनेमावर पोसलेलं. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून ‘सिंहगड’ काढला. कृत्रिम प्रकाशात चित्रण करायचा भारतातला तो पहिला मान कोल्हापूरचा. पण तो मूकपट होता, सर. हरिभाऊंचं एक वाक्यसुद्धा पडद्यावर ऐकू आलं नाही. जितकं गळणं शक्य होतं तितकं सगळं गळलं, तरी बाबूरावांनी हरिभाऊंचा खून केला असं मी आजवर आपल्याकडं कुणाकडून ऐकलेलं नाही.

तेव्हा काहीतरी गळालं, प्रसंग बदलले, शेवट फिरवला, एवढ्यावरून मी सिनेमाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या कादंबरीत यान शनीकडं जातं आणि सिनेमात गुरूकडं, कारण शनीची कडी तेव्हा पडद्यावर पटतील अशी जमेनात. लेखक आर्थर क्लार्क आणि दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी दोन्ही कामं बरोबरच चालवली होती, आणि १९६८ साली सिनेमा आधी लागला, पुस्तक त्याच्या मागून आलं. यात मूळ कुठलं आणि नक्कल कुठली? पुढच्या भागाची कादंबरी लिहिताना क्लार्क यांनी स्वतःच सिनेमातला गुरू धरला.

पण खून होतच नाहीत असंही मी म्हणत नाही. होतात. फक्त प्रेत तुम्ही शोधता तिथं सापडत नाही.

जेम्स व्हेल या दिग्दर्शकाचे दोन सिनेमे घ्या, १९३१ चा ‘फ्रँकेनस्टाईन’ आणि १९३३ चा ‘द इनव्हिजिबल मॅन’. दोन्ही मला बेहद्द आवडतात आणि दोन्हींत एकच चलाखी आहे. मेरी शेलीच्या १८१८ च्या ‘फ्रँकेनस्टाईन’ कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन प्रयोग करून ज्याला घडवतो तो जन्मतः दुष्ट नाही. डोळे उघडताच त्याचा निर्माताच त्याला टाकून पळतो. मग तो एका कुटुंबाला भिंतीच्या फटीतून न्याहाळत भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, व्हिक्टरसमोर उभा राहून वकिलासारखा आपला खटला मांडतो. माणसं दगड मारतात, तेव्हा कुठं तो बिघडतो. सिनेमात काय होतं? मदतनीसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. झालं! शेलीनं व्हिक्टरला आणि आपल्या सगळ्यांना विचारलेला प्रश्न एका बरणीत बंद झाला. राक्षस झालेला बोरिस कार्लॉफ डोळ्यांनी आणि हातांनी अप्रतिम बोलतो, पण त्या बिचाऱ्याला तोंडानं नुसतं गुरगुरायला लावलंय.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही मुळात एच. जी. वेल्स यांची कादंबरी. तिच्यातला शास्त्रज्ञ ग्रिफिन अदृश्य व्हायच्या आधीपासूनच थंड काळजाचा आहे. प्रयोगाच्या खर्चासाठी तो बापाला लुबाडतो, पैसा बापाचा नसतो, बाप स्वतःला गोळी घालून घेतो आणि पोराला त्याचं फारसं काही वाटत नाही. सिनेमात मोनोकेन नावाचं एक औषध घुसवलं आणि त्यानं त्याचं डोकं फिरलं असं दाखवलं. वेल्सना सिनेमा आवडला होता, पण माझ्या हुशार शास्त्रज्ञाचा यांनी वेडा केला ही त्यांची तक्रार होती आणि ती रास्त आहे. हुशार माणूस शुद्धीवर असतानाच किती नीच होऊ शकतो, हीच तर ती गोष्ट. पहिल्यांदा दोष मेंदूवर ढकलला, दुसऱ्यांदा औषधावर. हे हेरायला कादंबरी वाचलेली असावी लागते आणि सिनेमाही बघितलेला असावा लागतो. मी ज्याला मजा म्हणतो ती ही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा खून. कॅप्टन नेमो कोण, हे आपल्याकडं किती जणांना ठाऊक आहे? भा. रा. भागवतांमुळं ज्यूल व्हर्न मराठी घरांत आला, पाणबुडी सगळ्यांना आठवते, पण नेमो आपला माणूस आहे हे सांगितलं की लोक अजून चमकतात. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या पहिल्या कादंबरीत व्हर्न पाणबुडीच्या या कप्तानाचा देश सांगत नाही. त्याच्या मनात आधी रशियाविरुद्ध उठलेला पोलिश सरदार होता, पण प्रकाशक एत्झेलला रशियातला वाचक गमवायचा नव्हता. तरी खूण आहेच. सिंहलच्या किनाऱ्यावर नेमो एका गरीब हिंदी पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो आणि नंतर सांगतो की तो माणूस दडपलेल्या देशातला आहे आणि मी शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. पुढं ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये पडदा उठतो: नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कार. १८५७ च्या उठावात लढलेला, बायकामुलं गमावलेला. (व्हर्न त्याला टिपूचा पुतण्याही करून टाकतो. बुंदेलखंड आणि श्रीरंगपट्टण यांचं हे नातं त्यानं कुठल्या भटजीकडून जुळवलं देव जाणे.)

आणि पहिल्या कादंबरीवरच्या १९५४ च्या डिस्नेच्या सिनेमात? जेम्स मेसन हा इंग्रज नट नेमो झालाय. काम फार सुंदर केलंय, महाकाय स्क्विडशी झुंज तर आजही श्वास रोखून बघावी. पण त्याला छळणारं राष्ट्र बिननावाचं, त्याचा देश बिननावाचा, सत्तावन्न गायब. इंग्रज साम्राज्यावर खार खाऊन असलेला माणूस साहेबाच्याच चेहऱ्यानं पडद्यावर वावरतो. इथं मी तुमच्यापेक्षा जास्त चिडतो, सर. नसीरुद्दीन शाह २००३ च्या एका हॉलिवूडपटात नेमो झाले तेव्हा चेहरा तरी परत आला. सिनेमा मात्र यथातथाच होता.

वेल्सच्या मंगळवाल्यांचंही तसंच. पृथ्वीवर मंगळवाले चाल करून येतात त्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १८९८ च्या कादंबरीत सुरुवातीलाच तो युरोपी लोकांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांची कत्तल केल्याची आठवण काढतो आणि विचारतो की मंगळवाल्यांनी तेच केलं तर तक्रार कशाची? १९५३ च्या सिनेमात हा प्रश्न नाही. कादंबरीतला पाद्री भेकड आणि भ्रमिष्ट, सिनेमातला हातात बायबल घेऊन शूरासारखा मरतो, आणि शेवट चर्चमध्ये. स्पेशल इफेक्ट मात्र झकास.

याच्या उलट उदाहरण ‘सोलारिस’. एका ग्रहावरचा महासागरच विचार करणारा जीव आहे, अशी ही स्तानिस्लाव लेम यांची कादंबरी. लेम यांना दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा १९७२ चा सिनेमा मुळीच पटला नाही. मॉस्कोत दोघांचं वाजलं. यानं माझं ‘सोलारिस’ नाही, दोस्तोव्हस्कीचं ‘गुन्हा आणि शिक्षा’ काढलंय, असं लेम म्हणायचे. कादंबरी थेट अंतराळात सुरू होते, सिनेमा बराच वेळ पृथ्वीवर नायकाच्या बापाच्या घराभोवती घुटमळतो. टोकियोच्या रस्त्यांवरचा मोटारीचा तो प्रवास तर संपता संपत नाही. एवढं बदलूनही मला तो खून वाटत नाही, लेखकाला वाटला तरी. कारण समोरचं अनोळखी मन आपल्याला कळणारच नसेल तर माणसानं कसं वागायचं, हा प्रश्न शाबूत आहे. लेम महासागराकडं बघतो, तारकोव्हस्की त्या महासागरापुढं उभ्या असलेल्या माणसाकडं.

चुकलेल्या विज्ञानाबद्दल. व्हर्नच्या १८६५ च्या कादंबरीत चंद्रावर जायला ९०० फूट लांबीची तोफ आहे आणि गोळ्याचा वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. एवढ्या अंतरात एवढा वेग गाठायचा तर गोळ्यात बसलेल्या तिघा माणसांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२,००० पट जोर येईल. मजल्यांखाली पाणी ठेवून धक्का शोषायची व्हर्नची युक्ती काही कामाची नाही, तिघांचा पापड होणार. पण हे गणित अकरावीच्या सूत्रानं सुटतं, आणि ते घालायला व्हर्ननंच आकडे दिलेत. शिवाय तोफेच्या जागेसाठी तो अक्षांश बघतो, त्यावरून टेक्सास आणि फ्लोरिडात भांडण लावतो आणि फ्लोरिडाला जिंकवतो. अपोलो उडाली फ्लोरिडातून आणि तिचं नियंत्रण केंद्र टेक्सासात. चूक अशी मोजून दाखवता येत असेल तर मला ते पुस्तक भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला देण्यासारखं वाटतं, जाळण्यासारखं नाही.

राहिला नातू. त्याला वेल्सचा ‘द इनव्हिजिबल मॅन’ द्या. कादंबरी लहान आहे, नववीच्या पोराला झेपते, आणि सुरुवातीच्या खानावळीतल्या प्रसंगांत तो पोट धरून हसेल. ती संपली की तुमची अट मोडून १९३३ चा सिनेमा दोघांनी मिळून बघा. सव्वा तासाच्या आत संपतो आणि ग्रिफिन झालेल्या क्लॉड रेन्सचा चेहरा अगदी शेवटी दिसतो. मग मोनोकेनबद्दल त्याला काय वाटतं ते विचारा. ‘फ्रँकेनस्टाईन’चा सिनेमा मात्र इतक्यात दाखवू नका. तिथं पुस्तक आधीच हवं, कारण कार्लॉफ एकदा डोक्यात बसला की शेलीचा राक्षस बोलायला लागला तरी ऐकू येतं ते गुरगुरणंच.